न्यायालयाचे आदेश आणि आपली पालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता. भाड्याच्या घराचा करार नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर. अशा माणसाला नगरसेवकाचा ठराविक नमुन्यातला दाखला चालतो. त्या आमच्या जुन्या नगरसेविकेकडे गेल्या. तिने कपाटातून शिक्का काढून दाखवला आणि म्हणाली, "शिक्का आहे हो, पण माझी मुदत संपली. मी सही केली तर तुमचंच काम अडेल." काकू मग आमदारांच्या कार्यालयात दोन दिवस रांगेत उभ्या राहिल्या.

नगरसेवक का नाही, याचं उत्तर दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांत दडलेलं होतं. तेव्हापासून मी हे आदेश मुळातून वाचू लागले. वस्तीतल्या बैठकांत, व्हॉट्सअॅपवर, भाजीच्या गाडीपाशी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी वकील नाही. स्वतःचं प्रकरण चालवायचं असेल तर वकिलाचाच सल्ला घ्या.

महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुका इतकी वर्षं का रखडल्या?

एका वाक्यात सांगायचं तर आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा वाद, आणि या सगळ्यावर न्यायालयाचा "जैसे थे" आदेश. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली. मुंबई महापालिकेची ७ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला.

हिशेब करून पाहा. नवी मुंबईत किंवा कोल्हापुरात २०२० पासून २०२६ पर्यंत एक अख्खी पाच वर्षांची मुदत लोकनियुक्त सभागृहाशिवाय गेली. २०२० मध्ये जो मुलगा तेरा वर्षांचा होता, तो मतदार झाला तरी त्याच्या शहरात महापौर नव्हता. आरक्षणाच्या बाजूने बोला किंवा विरोधात, ही गोष्ट कुणालाच मान्य होता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

मुदत संपली की निवडणूक घ्यायलाच हवी, असं कुठे लिहिलंय?

संविधानात. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना संविधानात जागा मिळाली. अनुच्छेद २४३-ई (पंचायती) आणि २४३-यू (नगरपालिका) सांगतात की मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही. नवी निवडणूक जुनी मुदत संपायच्या आत पूर्ण व्हायला हवी. संस्था मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत.

अहमदाबाद महापालिकेच्या एका प्रकरणात, किशनसिंग तोमर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००६ मध्ये हेच ठासून सांगितलं. वेळेवर निवडणूक घेणं हे राज्य निवडणूक आयोगाचं कर्तव्य आहे. सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगाने उच्च न्यायालयात जावं. मतदारयाद्या तयार नाहीत, प्रभागरचना अपुरी आहे, ही कारणं चालणार नाहीत. अपवाद फक्त खरोखरच्या आपत्तीचा.

म्हणजे कायदा आधीपासून स्पष्ट होता. कमी पडली ती अंमलबजावणी.

ओबीसींना २७ टक्के आरक्षण संविधानानेच दिलंय ना? मग न्यायालय आडवं कसं येतं?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

अनुसूचित जाती आणि जमातींना स्थानिक संस्थांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायच्याच, असं संविधान सांगतं. ते बंधनकारक आहे. नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी (सरकारी कागदावर ओबीसींना हेच नाव आहे) संविधानाने राज्याला मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. अनुच्छेद २४३-डी आणि २४३-टी यांच्या सहाव्या खंडात ती आहे. महाराष्ट्राने ती वापरून कायद्यात सरसकट २७ टक्के लिहिले.

२०१० मध्ये कृष्णमूर्ती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही मुभा वैध ठरवली, पण दोन गोष्टी जोडल्या. एक, नोकरी आणि शिक्षणातलं मागासलेपण वेगळं आणि राजकारणातलं मागासलेपण वेगळं. एखादा समाज शिक्षणात मागे असेल, पण गावच्या राजकारणात पुढे असू शकतो. उलटही असू शकतं. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दोन, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये.

हा निकाल ११ मे २०१० चा. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं आपल्या राज्याने, सरकारं कुणाचीही असोत, राजकीय मागासलेपणाची अशी वेगळी माहिती गोळा करण्यासाठी काहीही केलं नाही. पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ मला इथेच दिसतं.

"ट्रिपल टेस्ट" म्हणजे काय?

४ मार्च २०२१ ला विकास गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती अजय खानविलकर, इंदू मल्होत्रा आणि अजय रस्तोगी यांच्या पीठाने तीन अटी घातल्या:

पहिली, ओबीसींच्या राजकीय मागासलेपणाची आजच्या काळातली माहिती काटेकोरपणे गोळा करणारा समर्पित आयोग नेमा. दुसरी, त्या आयोगाच्या शिफारशीनुसार प्रत्येक संस्थेसाठी आरक्षणाचं प्रमाण वेगळं ठरवा. तिसरी, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा.

वाशीम, अकोला, नागपूर, धुळे, नंदुरबार इथल्या जिल्हा परिषदांचा हा विषय होता. निवडून आलेल्या ओबीसी सदस्यांच्या जागा रिक्त झाल्या आणि तिथे उर्वरित मुदतीसाठी सर्वसाधारण म्हणून पोटनिवडणुका झाल्या. लोकांनी मतं देऊन निवडलेला माणूस एका सकाळी सदस्य राहिला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. कायदा करणाऱ्यांनी गृहपाठ केला नव्हता, त्याची किंमत त्याने मोजली.

५० टक्क्यांचं गणित प्रत्यक्षात कसं बसतं?

एक काल्पनिक जिल्हा परिषद घ्या. एकूण ६० गट, म्हणजे ६० जागा. लोकसंख्येप्रमाणे अनुसूचित जातींना ८ आणि जमातींना १५ जागा. झाल्या २३. निम्म्या म्हणजे ३०. म्हणजे ओबीसींसाठी उरतात जास्तीत जास्त ७. पण जुन्या कायद्याने सरसकट २७ टक्के दिले तर ६० पैकी १६ जागा ओबीसींना जातात आणि एकूण आरक्षण ३९ होतं, म्हणजे ६५ टक्के.

आता आदिवासी लोकसंख्या नगण्य असलेला जिल्हा घ्या. अनुसूचित जातींना ७, जमातींना १. तिथे ओबीसींना १६ दिल्या तरी बेरीज २४, म्हणजे ४० टक्के. काहीच अडचण नाही. म्हणूनच वाद विदर्भ, खानदेश या आदिवासी लोकसंख्येच्या पट्ट्यात पेटतो आणि इतर अनेक जिल्ह्यांत त्याची झळही लागत नाही. आपल्या जिल्ह्याचे तीन आकडे कागदावर मांडा, चर्चेतला अर्धा आवाज तिथेच कमी होईल.

महिलांचं ५० टक्के आरक्षण या बेरजेत धरत नाहीत. ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतून आडवं जातं.

पेसा क्षेत्रात तर निम्म्याहून जास्त जागा आदिवासींना असतात. तिथे ५० टक्क्यांची मर्यादा कशी नाही?

अनुसूचित (म्हणजे आदिवासीबहुल) क्षेत्रासाठी १९९६ चा पेसा कायदा वेगळा आहे. तिथे पंचायतींत आदिवासींच्या जागा निम्म्यापेक्षा कमी असता कामा नयेत आणि सर्व पातळ्यांवरचं अध्यक्षपद आदिवासींकडेच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे वैध ठरवलं आणि कृष्णमूर्ती निकालातही हा अपवाद मान्य केला.

राज्य सरकारने २०२१ मध्ये अध्यादेश काढला होता, त्याचं काय झालं?

सप्टेंबर २०२१ च्या अध्यादेशात "२७ टक्क्यांपर्यंत, पण एकूण ५० टक्क्यांच्या आत" अशी रचना होती. म्हणजे तिसरी अट पाळली, पहिल्या दोन सोडून दिल्या. ६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने स्थगिती दिली आणि १५ डिसेंबरला सांगितलं की त्या जागा सर्वसाधारण म्हणून अधिसूचित करून निवडणूक पूर्ण करा. त्याच दिवशी केंद्राकडून २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात पाहणीची आकडेवारी मिळावी ही राज्याची याचिकाही फेटाळली गेली. त्या माहितीत इतक्या चुका आहेत की ती वापरण्याजोगी नाही, असं केंद्राचं म्हणणं होतं.

पुढे राज्य मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल आला. न्यायालयाने ३ मार्च २०२२ ला तो स्वीकारायला नकार दिला.

बांठिया आयोगाने काय केलं? आडनावांवरून ओबीसी मोजले हे खरं आहे का?

माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०२२ मध्ये समर्पित आयोग नेमला गेला. जुलैमध्ये अहवाल आला. त्यात राज्यातली ओबीसी लोकसंख्या सुमारे ३७ टक्के धरली होती आणि २७ टक्क्यांपर्यंत आरक्षणाची शिफारस होती, पण संस्थेगणिक प्रमाण वेगळं. काही ठिकाणी ते शून्यावरही आलं.

आडनावांबद्दल: हो, मतदारयादीतल्या आडनावांचा आधार घेतला गेला आणि त्यावर ओबीसी नेत्यांनी जोरदार आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. जाधव, पवार, शिंदे, मोरे ही आडनावं महाराष्ट्रात किती वेगवेगळ्या जातींत आहेत हे कुठल्याही गावात दोन तास बसलं तरी कळतं. आमच्याच इमारतीत तीन पवार कुटुंबं आहेत, तीन वेगळ्या प्रवर्गांतली. यादीवरून त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार? चार महिन्यांत काम उरकायचं म्हटलं की हेच होतं. २०१० च्या निकालानंतर घरोघरी पाहणी करायला अकरा वर्षं हाताशी होती.

केंद्राने आता जनगणनेतच जातींची नोंद घ्यायचं ठरवलं आहे, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. ती मोजणी नीट झाली तर लोकसंख्येपुरता तरी प्रश्न सुटेल. मात्र लोकसंख्या म्हणजे राजकीय मागासलेपण नव्हे. तो अभ्यास वेगळा करावाच लागेल.

न्यायालयाने बांठिया अहवाल २० जुलै २०२२ ला मान्य केला. तरी पुढे तीन वर्षं निवडणुका का नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि याचं उत्तर देताना दरवेळी वाईट वाटतं.

२० जुलैला न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणूक जाहीर करायला सांगितलं. २८ जुलैला स्पष्ट केलं की ज्या ३६७ संस्थांची प्रक्रिया आधीच सुरू झाली होती, त्या ओबीसी आरक्षणाशिवायच पूर्ण करा. सरकारने यावर फेरविचार मागितला. दरम्यान सत्ता बदलली होती आणि नव्या सरकारने ऑगस्टमध्ये प्रभागांची संख्या बदलली. मुंबईच्या जागा आधीच्या सरकारने २२७ वरून २३६ केल्या होत्या, त्या पुन्हा २२७ झाल्या. त्याविरुद्ध याचिका गेल्या. २२ ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच आठवड्यांसाठी "जैसे थे" ठेवण्याचा आदेश दिला.

पाच आठवडे. ते संपून एकामागून एक तारखा पडत गेल्या आणि थेट मे २०२५ उजाडला.

दोन्ही बाजूंच्या सरकारांनी प्रभागरचनेशी खेळ केला हे खरंच आहे. पण ज्या न्यायालयाने २००६ मध्ये "निवडणूक लांबवू नका" असं सांगितलं, त्याच न्यायालयाच्या फळ्यावर हे प्रकरण अडीच वर्षांहून जास्त पडून राहिलं. न्यायालयाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे बोलणं मला गरजेचं वाटतं.

मध्य प्रदेशला आरक्षणासह परवानगी आधी कशी मिळाली?

१० मे २०२२ ला मध्य प्रदेशलाही आरक्षणाविना निवडणूक घ्यायला सांगितलं होतं. त्यांनी आपल्या आयोगाचा संस्थानिहाय अहवाल आठवड्याभरात पुढे ठेवला आणि १८ मेला आदेश बदलून मिळाला. कागद तयार असल्याचा फायदा.

६ मे २०२५ च्या आदेशात नेमकं काय होतं?

न्यायमूर्ती सूर्यकांत आणि एन. कोटिश्वर सिंग यांच्या पीठाने चार आठवड्यांत निवडणुका अधिसूचित करा आणि चार महिन्यांत पूर्ण करण्याचा प्रयत्न करा, असं सांगितलं. आरक्षण मात्र बांठिया अहवालाच्या आधी, म्हणजे जुलै २०२२ पूर्वी, जो कायदा होता त्याप्रमाणे. पुढे १६ सप्टेंबरला मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली, तीही एकदाच म्हणून.

"बांठियापूर्वीची स्थिती" या शब्दांवरून पुढचा गोंधळ झाला. सरकारने आणि आयोगाने त्याचा अर्थ सरसकट २७ टक्के असा घेतला. पण बांठियापूर्वी तर २०२१ चा गवळी निकालही होता! नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की आमच्या आदेशाचा अर्थ ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायची परवानगी असा नव्हता. तोवर नगरपालिकांचे अर्ज भरून झाले होते.

आमच्या नगरपालिकेत आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलंय. आमचे नगरसेवक राहणार की जाणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक लागली होती. त्यातल्या ५७ ठिकाणी (४० नगरपरिषदा, १७ नगरपंचायती) मर्यादा ओलांडली गेली होती. २८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक थांबवली नाही, पण या ५७ ठिकाणचे निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले.

"अधीन" हा शब्द नीट समजून घ्या. तुमचे नगरसेवक आज पूर्ण अधिकाराने नगरसेवक आहेत. सभेत मत देऊ शकतात, ठराव मांडू शकतात, दाखला देऊ शकतात. फक्त अंतिम निकाल त्यांच्या विरोधात गेला तर "आम्ही निवडून आलो होतो" एवढ्यावर पद टिकणार नाही. २०२१ मध्ये धुळे-नंदुरबारच्या सदस्यांचं तेच झालं. त्यामुळे अशा शहरातल्या लोकांनी कामं लवकर पुढे रेटावीत आणि अंतिम सुनावणीवर लक्ष ठेवावं.

२ डिसेंबरला मतदान झालं, मग मोजणी २१ डिसेंबरला का?

काही नगरपरिषदांत उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांचे निकाल उशिरा लागले, त्यामुळे आयोगाने तिथलं मतदान २० डिसेंबरला ठेवलं. बाकीच्यांची मोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. एकीकडचे निकाल आधी लागले तर दुसरीकडच्या मतदारांवर परिणाम होईल, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळी मोजणी एकाच दिवशी ठेवायला सांगितलं. मतदानयंत्रं एकोणीस दिवस गोदामात राहिली आणि बाहेर कार्यकर्ते थंडीत शेकोटी करून पहाऱ्याला बसले. आदेशामागचं तत्त्व मला पटतं. ऐन मतदानाच्या दिवशी तारीख बदलावी लागली ही मात्र आयोगाच्या नियोजनातली त्रुटी होती.

टीव्हीवर "न्यायालयाने सरकारला फटकारले" अशी पट्टी येते. तो आदेश असतो का?

बहुतेक वेळा नाही. सुनावणीत न्यायमूर्ती प्रश्न विचारतात, नाराजी बोलून दाखवतात, वकिलाला कोंडीत पकडतात. हे तोंडी शेरे. ते कुणावरही बंधनकारक नसतात. बंधनकारक असतो तो सही झालेला लेखी आदेश. त्यातही अंतरिम आदेश अंतिम निकालापर्यंतच टिकतो, आणि निकालातलासुद्धा ज्या मुद्द्यावर निर्णय आधारलेला आहे तो भाग अनुच्छेद १४१ प्रमाणे देशभर लागू होतो. बाकीचं विवेचन वाट दाखवतं, बांधून ठेवत नाही.

बातमी वाचताना मी तीन गोष्टी पाहते: तारीख, पीठात किती न्यायमूर्ती होते, आणि आदेशाचा शेवटचा परिच्छेद. नेमकं काय करायचं ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आणि उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळांवर आदेश फुकट वाचायला मिळतात.

महाधिवक्त्यांनी मत दिलं असेल तर सरकारला ते पाळावं लागतं का? आणि आपल्याला?

महाधिवक्ता हे राज्याचे सर्वोच्च विधी सल्लागार, अनुच्छेद १६५ प्रमाणे नेमलेले. त्यांचं मत हा सल्ला असतो. सरकार तो बहुधा मानतंच, पण न्यायालय त्याने बांधलं जात नाही आणि नागरिकही नाही. विधी व न्याय विभागाच्या अभिप्रायाचंही तेच. "वरून अभिप्राय आलाय" असं सांगून कुणी तुमचा अर्ज परत करत असेल, तर कायद्याचं कलम आणि शासन निर्णयाचा क्रमांक लेखी मागा.

प्रशासक म्हणून कुणालाही बसवता येतं का?

२०२० मध्ये कोविडमुळे ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे गेल्या, तेव्हा ग्रामविकास विभागाने पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातल्या योग्य व्यक्तीला प्रशासक नेमण्याचा शासन निर्णय काढला. विषय १४ हजारांहून जास्त गावांचा होता. गावकीच्या राजकारणात "योग्य व्यक्ती" कोण ठरली असती हे सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्येच अंतरिम आदेश देऊन सांगितलं की प्रशासक शक्यतो शासकीय अधिकारीच हवा, आणि तसा मिळत नसेल तर कारण लेखी नोंदवा. माझ्या मते हा त्या काळातला सर्वांत उपयोगी आदेश. लोकांना त्याची आठवण राहिली नाही, कारण त्याने एक वाईट गोष्ट घडू दिली नाही.

प्रशासकाच्या काळातले ठराव, निविदा, करआकारणी केवळ प्रशासक होता म्हणून आपोआप रद्द होत नाहीत. चुकीचं काही झालं असेल तर त्या त्या निर्णयाला स्वतंत्र आव्हान द्यावं लागतं.

गोव्यातल्या प्रकरणाचा इथे उल्लेख का होतो?

कारण तो निकाल सगळ्या राज्यांना लागू आहे. गोव्यात सरकारने विधी सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांमधलं आरक्षण महिलांच्या जागा नीट न ठेवल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १ मार्च २०२१ ला रद्द केलं. प्रकरण दिल्लीत गेलं. १२ मार्च २०२१ ला न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने स्पष्ट केलं की सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला राज्य निवडणूक आयुक्त करता येणार नाही. ज्याची बढती-बदली सरकारच्या हातात, तो सरकारला नाही कसं म्हणणार? पणजीत सुरू झालेल्या या भांडणाचा फायदा मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत सगळ्यांना झाला.

आमच्या सरपंचबाईंना जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र केलं. सासऱ्यांचं घर गायरानावर आहे म्हणे. काही करता येईल का?

करता येईल, पण कागद भक्कम हवेत. अतिक्रमण हे ग्रामपंचायत कायद्यात अपात्रतेचं कारण आहे, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं धरलं की अतिक्रमण स्वतः केलं नसलं तरी त्या घरात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो.

मात्र २७ सप्टेंबर २०२४ चा निकाल जरूर वाचा. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावच्या महिला सरपंचांवर सरकारी जागेतल्या घरात सासूबरोबर राहतात असा आरोप होता. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत होत्या. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयाने तथ्यं नीट तपासलीच गेली नाहीत असं म्हणून त्यांचं पद परत दिलं. गावाला एक बाई सरपंच म्हणून पचत नाही आणि यंत्रणाही त्याच नजरेने फाइल पुढे सरकवते, यावर न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवलं. तुमच्या सरपंचबाई वेगळ्या राहत असतील तर भाडेकरार, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेतला पत्ता, वीजबिल हे सगळं पहिल्याच सुनावणीत दाखल करा. वरच्या न्यायालयात नवीन कागद सहजासहजी घेतले जात नाहीत.

राखीव जागेवर निवडून आलो, जात वैधता प्रमाणपत्र उशिरा मिळालं. पद जातं का?

मुदतीत सादर केलं नाही तर जातं. मुदत बंधनकारक आहे आणि ती चुकली की सदस्यत्व आपोआप रद्द होतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवलं. पडताळणी समितीने उशीर केला हे कारण तिथे चाललं नाही. त्यानंतर अनेकांवर टांगती तलवार आली, म्हणून सरकारने सहा महिन्यांची मुदत बारा महिने केली. तुमच्या निवडणुकीला कोणती मुदत लागू आहे ते तुमच्या अधिसूचनेत पाहा. समितीकडे अर्ज केल्याची पोच लॅमिनेट करून ठेवा, आणि तीन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर समितीला कालमर्यादा घालून द्यावी म्हणून उच्च न्यायालयात जा. मुदत संपल्यावर गेलात तर उपयोग नाही.

आमच्या प्रभागाची सोडत चुकली असं वाटतं. थेट उच्च न्यायालयात जाऊ का?

सोडतीच्या दिवशी शाळेतली मुलं काचेच्या बरणीतून चिठ्ठ्या काढतात, त्यावर सगळ्यांची नजर असते. खरा वाद असतो त्याआधीच्या चक्रानुक्रमाचा, म्हणजे मागच्या वेळी कोणता प्रभाग राखीव होता याचा. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी काही दिवस मिळतात. त्यात लेखी हरकत घ्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. न्यायालय पहिल्यांदा हेच विचारतं की हरकत घेतली होती का.

एकदा निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला की अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी आडवे येतात. त्यानंतर न्यायालय सहसा हात घालत नाही आणि निकालानंतर निवडणूक याचिकेचा मार्ग उरतो. तिची मुदत फार लहान आहे: ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवस, नगरपालिका आणि महापालिकेसाठी १० दिवस. गुलाल धुऊन होईपर्यंत निम्मे दिवस निघून जातात, तेव्हा मतमोजणीच्या दिवशीच निकालाच्या प्रती आणि केंद्रनिहाय तक्ते मागून घ्या.